राउटर बदलण्याआधी कूलर सरकवा

मे 2025 मध्ये दूरसंचार विभागाने 5925 ते 6425 मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वायफायसाठी खुला करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. तेव्हापासून मला एकच प्रश्न येतोय: ‘नवा राउटर घेतला की लॅपटॉपवर नेट तुटायचं थांबेल ना?’

जळगाव-धुळ्याच्या बहुतेक घरांपुरतं माझं उत्तर: नाही. हा नवा पट्टा वापरायला राउटर आणि लॅपटॉप दोन्हीत वायफाय 6ई किंवा त्यापुढचं कार्ड लागतं. शिवाय फ्रिक्वेन्सी जितकी वरची, तितकी ती भिंतीपुढे लवकर दमते. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घराची माती-दगडाची भिंत आठवा. तिच्यापलीकडे 5 गिगाहर्ट्झसुद्धा धड पोचत नाही, तिथे 6 चं काय घेऊन बसलात?

माझ्याच घरातलं सांगतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी कूलर लावला की लॅपटॉपवरचा कॉल अडकायचा. कंपनीला दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा ‘लाइन ओके आहे’. चिडलो होतो, पण त्यांचं बरोबर निघालं. राउटर आणि माझ्या टेबलाच्या मधोमध पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर उभा होता. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. दिवसा मी दुसऱ्या खोलीत बसायचो, म्हणून कधी कळलंच नाही.

तेव्हा आधी दोष कुठे आहे ते पकडा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (बहुतेकदा 192.168.1.1, नाहीतर राउटरच्या स्टिकरवर असतो), दुसरीत 8.8.8.8 ला. पत्त्यानंतर हायफन आणि टी टाकलं की ते चालूच राहतं. नेट अडकलं की बघा. राउटरकडूनच उत्तर येईना, तर गडबड घरात आहे. राउटर पटापट उत्तर देतोय आणि फक्त 8.8.8.8 गप्प आहे, तर बिनधास्त कंपनीला फोन लावा आणि हेच सांगा. ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा याला वजन येतं.

घरातली गडबड असेल, तर मोबाइल लॅपटॉपच्या शेजारी ठेवून बघा. मोबाइल व्यवस्थित चालतोय आणि लॅपटॉपच तुटतोय? मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टर उघडा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला अडॅप्टर बंद करण्याची टिक असेल तर काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर अपडेट करा. यूएसबी 3 ची हार्डडिस्क लावली असेल तर तीही काढून बघा. तिचा गोंगाट थेट 2.4 गिगाहर्ट्झमध्ये शिरतो.

दोन्ही तुटत असतील, तर गर्दीचा संशय घ्या. 2.4 मध्ये एकमेकांना न धडकणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. अपार्टमेंटमध्ये वीस राउटर त्यातच कोंबलेले असतात. राउटर ड्युअल बँड असेल तर 5 चं नाव वेगळं ठेवा आणि लॅपटॉप त्यावर जोडा. 5 गिगाहर्ट्झचे 605 मेगाहर्ट्झ तर आपल्याकडे 2018 पासूनच खुले आहेत, आणि तरी कित्येक घरांत लॅपटॉप अजून 2.4 वरच लटकलेला सापडतो.

ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत असेल, तर त्या दिवशी हे काहीच करू नका. लॅनची केबल थेट राउटरला लावा. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो, नव्या राउटरपेक्षा बराच स्वस्त.