श्रोत्यावाचून नाद

नाद हा ऐकणाऱ्यासाठी असतो, हे सांगण्याची पाळी येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. ती आता आली आहे. अमेरिकेत मोटारीत बसविलेल्या ध्वनिक्षेपकांच्या स्पर्धा भरतात; 'डीबी ड्रॅग रेसिंग' हा त्यांतलाच एक प्रकार. कोणाचे गाणे गोड, हा तेथे प्रश्नच नाही; कोणाचा आवाज मोठा, एवढाच आहे. बंद गाडीत मापकयंत्र ठेवतात, एकच खर्ज स्वर काही क्षण सोडतात आणि आकडा वाचतात. दाबाने गाडीचे अंग हलू नये म्हणून कित्येक जण तिच्यात काँक्रीट ओततात, जाड काचा बसवितात. अट्टल स्पर्धकांनी १८० डेसिबलचा टप्पाही ओलांडला आहे. त्या वेळी गाडीत मनुष्य नसतो. असूच शकत नाही!

हा यंत्रविद्येचा पराक्रम होय, असे याचे कैवारी म्हणतील. असेल, पण त्यालाही सृष्टीचे कुंपण आहे. दहा डेसिबल वाढवावयाचे तर शक्ती दसपट लागते, वीस वाढवावयाचे तर शंभरपट. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाचा चढउतार. सुमारे १९४ डेसिबलला हा उतार निर्वातापर्यंत पोहोचतो. त्याखाली दाब जाणारच कोठे? तेथे स्वराची लाट मोडते व केवळ आघात उरतो. आमच्या गायकांनी पहाटे उठून जो खर्ज साधला, त्याचा येथे घण झाला आहे.

परंतु अमेरिकेस हसण्यापूर्वी आपण आपल्या रस्त्याकडे पाहावे. तो स्पर्धक निदान गाडीबाहेर उभा राहतो. आपल्या मिरवणुकीत ट्रकवर ध्वनिक्षेपकांची भिंत रचतात आणि तिच्यासमोर माणसे मुलांना खांद्यावर घेऊन नाचतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागास दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळण्याची इच्छा कोणास आहे? कानातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. उत्सव दरवर्षी येतो. गेलेला कान येत नाही.

म्हणून वाचकांस आमचे एकच सांगणे आहे. मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीस दारी आले म्हणजे आधी विचारावे, 'यंदा भिंत आणणार काय?' उत्तर होकारार्थी असेल, तर पावतीपुस्तक तसेच परत करावे.