ज्वारी आली कुठून?

सुलतानपूर असो की लोणार, सहरीला भाकरी खाल्ली की दिवसभर पोटाला आधार राहतो, असं जुनी माणसं सांगतात.

मलिक अंबर इथिओपियातून दख्खनेत आला, हे शाळेत शिकवतात. त्याच्या कितीतरी शतकं आधी आफ्रिकेतून ज्वारी आली, हे कोणी सांगत नाही. पूर्व सुदानात ज्वारी पिकवल्याचे सुमारे ५ हजार वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. बाजरी, चवळी आणि इफ्तारीचं टरबूज, यांचंही मूळ आफ्रिकेतलंच.

सुदानी घरांत रमजानचं खास पेय म्हणजे हुलू-मुर, म्हणजे गोड-कडू. ज्वारीला मोड आणून दळायचं, मसाले घालून पीठ आंबवायचं, तव्यावर कागदासारखे पातळ पापुद्रे भाजून ठेवायचे. इफ्तारीला ते पाण्यात भिजवून, गाळून, साखर घालून प्यायचं. वऱ्हाड-खानदेशात ज्वारी आंबवून बिबड्या घालणाऱ्या बायकांना यातलं अर्धं काम न सांगताच कळेल.

आपल्याकडे मात्र सोयाबीनने ज्वारीचं शेत घेतलं आणि रेशनच्या गव्हाने ताट. ज्वारी गेली तसा जनावरांचा कडबाही गेला. २०२३ हे भरडधान्य वर्ष भारताच्याच पुढाकाराने जगभर साजरं झालं, तरी इफ्तारच्या मोठ्या दावतीत भाकरी वाढायला संकोच वाटतो. कशाचा, कोण जाणे.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुदानात यादवी पेटली. ज्वारीच्या या माहेरी, उत्तर दारफुरमधल्या झमझम छावणीत, ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर करावा लागला.