तिथं नागरिक व्हायला फौजेत नाव लागतं, इथं फौजेत जायला नागरिकत्वाचा कागद

अमेरिकेचं नागरिकत्व पाहिजे असेल तर पोराला आधी फौजेत टाका, अशा अर्थाचा मजकूर सध्या मोबाईलवर फिरतोय. आपल्या भागातून फार लोक अमेरिकेत गेलेत असं नाही. पण चंद्रपूर, बल्लारपूर, वरोऱ्याकडचे इंजिनिअर झालेले काही पोट्टे पुणे-हैदराबादमार्गे तिकडं पोचलेत आणि त्यांचे मायबाप, काका-मामा इथंच आहेत. त्यामुळं पानठेल्यावर विषय निघतो. "म्हणजे आता आपल्या पोराले लढाईवर पाठवतील का जी?" असा सरळ प्रश्न येतो.

मजकूर अर्धा खरा आहे, अर्धा खोटा. आधी खरा भाग.

अमेरिकेत 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस' नावाचं सरकारी खातं आहे. उद्या मोठं युद्ध पेटलं आणि सक्तीनं सैन्यभरती करायची वेळ आली, तर कोणाला बोलवायचं त्याची यादी हे खातं ठेवतं. १८ ते २५ वयाच्या जवळपास प्रत्येक पुरुषाचं नाव या यादीत असावं लागतं. फक्त तिथल्या नागरिकाचंच नाही, तर ग्रीनकार्ड मिळालेल्या परदेशी पोराचंही. अठरावा वाढदिवस झाल्यापासून, किंवा त्या वयात तिकडं पोचल्यापासून ३० दिवसांत नाव द्यायचं असतं. बायकांना हा नियम नाही.

यादीत नाव गेलं म्हणजे पोरगा फौजेत गेला, असं मात्र नाही. तिथली सक्तीची भरती १९७३ मध्येच बंद झाली. १९७५ मध्ये नावनोंदणीही थांबवली होती. रशियानं अफगाणिस्तानात फौज घुसवल्यावर १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली. तेव्हापासून आजपर्यंत या यादीतून एकालाही सक्तीनं उचललेलं नाही. तिथली फौज पगारी आहे, राजीखुशीनं भरती होणाऱ्यांची.

मग नागरिकत्वाशी संबंध कुठं येतो? ग्रीनकार्डवाला माणूस नागरिकत्वाचा अर्ज भरतो, तेव्हा त्यात पुरुषांना विचारलेलं असतं की १८ ते २६ च्या मधात तुम्ही तिकडं होता का, आणि होता तर नाव नोंदवलं का. २६ वर्षं पूर्ण व्हायच्या आत असून कोणी नाव द्यायला नकार दिला, तर अर्ज फेटाळला जातो. २६ ते ३१ मधला असेल तर नियम माहीत नव्हता, मुद्दाम टाळलं नाही, हे त्याला पटवून द्यावं लागतं. २६ नंतर नाव नोंदवताच येत नाही, म्हणून सुटलेली संधी परत मिळत नाही. ३१ च्या पुढं गेलेल्याचं सहसा अडत नाही, कारण चांगल्या वागणुकीची पाच वर्षं मोजतात आणि ती नोंदणीच्या वयानंतरची असतात.

आपल्याकडच्या बहुतेक घरांचा जीव इथंच भांड्यात पडेल. जो पोरगा शिकायला गेला आहे, किंवा कंपनीच्या एच-१बी व्हिसावर आहे, किंवा बापाच्या व्हिसावर गेलेला आहे, त्याला व्हिसा चालू असेपर्यंत हा नियम लागत नाही. ग्रीनकार्ड २६ च्या आत हातात आलं की लागतो. डिसेंबर २०२५ च्या तिथल्या संरक्षण कायद्यात तर नावं सरकारनं स्वतःच नोंदवून घ्यावीत अशी तरतूद झाली आहे. आताची बोंब बहुधा त्यावरूनच उठली असावी.

नागरिक होताना तिथं जी शपथ घेतात, तिच्यात मात्र देशासाठी हत्यार उचलण्याची गोष्ट स्पष्ट आहे. धर्मामुळं किंवा मनाला पटत नाही म्हणून बंदूक नको असेल, तर बिनहत्यारी काम करण्याची सोय आहे. पण देश बोलावेल तेव्हा यायचं, हे कबूल करावंच लागतं.

आणि फौजेत गेलं की नागरिकत्व पक्कं, असंही तिथं नेहमी नव्हतं. भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी माणूस १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यात होता. सन्मानानं बाहेर पडला. तरी १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तू गोरा नाहीस, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीस. माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये वेगळा कायदा झाला, तेव्हा कुठं १९३६ मध्ये त्याला नागरिकत्व मिळालं. वर्दी घातलेल्या माणसाला अठरा वर्षं थांबवलं.

सिंगापुरात याहून कडक आहे. तिथं मायबापाच्या कागदावर कायम रहिवासी झालेल्या पोराला दोन वर्षं खरोखरची लष्करी सेवा करावी लागते. ती टाळून रहिवास सोडला, तर पुढं शिकायला किंवा नोकरीला परत जाणं अवघड होतं. तिथं मराठी घरं बरीच आहेत. आयटीतला बाप पेढे वाटत रहिवासाचा कागद घेतो, आणि पोरगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की सैन्याचं पत्र येतं.

रशियाचं प्रकरण सगळ्यात वाईट, आणि आपल्या गावांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं. जानेवारी २०२४ मध्ये पुतीन यांनी फर्मान काढलं की जो परदेशी माणूस एक वर्षाचा करार करून रशियाच्या फौजेत येईल, त्याला आणि त्याच्या घरच्यांना लवकर नागरिकत्व मिळेल. इकडं भारतात एजंटांनी पोरांना सांगितलं वेगळंच. हेल्परचं काम, सिक्युरिटीचं काम, लाखाच्या वर पगार. यूट्यूबवर व्हिडिओ टाकून पोरं गोळा केली. तिकडं गेल्यावर करार रशियन भाषेत, पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात, आणि थोड्याच दिवसांच्या ट्रेनिंगनंतर युक्रेनच्या आघाडीवर. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं गुन्हा दाखल केला. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी यांनी मॉस्कोत हा विषय काढला. परराष्ट्र मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलेला हिशेब असा: १२६ भारतीय, त्यातले ९६ परत आले, १२ मेले, १६ जणांचा पत्ता नाही.

हे मी इथं का लिहितोय? कारण अशा जाळ्यात सापडतो तो कोण, हे आपल्या गावात रोज दिसतं. पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर मोबाईलचा टॉर्च लावून १६०० मीटर पळणारा पोट्टा. पोलीस भरतीलाही तेवढंच अंतर, फौजेलाही तेवढंच. चार-पाच वर्षं पळून वय निघून जातं. अग्निवीरमध्ये लागला तरी चार वर्षांनी चारातले तीन घरी येणार, कारण पुढं २५ टक्क्यांनाच ठेवतात. अशा पोराला कोणी परदेशी फौज, पगार आणि पासपोर्ट दाखवला तर त्याचं डोकं फिरायला वेळ लागत नाही. परदेशातल्या नोकरीच्या एजंटला सरकारी परवाना लागतो आणि तो ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतो. व्हिजिट व्हिसावर नेतो म्हणणारा माणूस दारात आला तर तिथंच ओळखावं.

आता आपल्या देशाचं. भारताचं नागरिकत्व घ्यायला फौजेची कुठलीच अट नाही. १९५५ चा नागरिकत्व कायदा पाहिला तर शपथ आहे ती संविधानाशी निष्ठा ठेवण्याची, कायदे पाळण्याची आणि नागरिकाची कर्तव्यं पार पाडण्याची. हत्याराचा शब्द नाही. संविधानाच्या ५१ क कलमात देशाचं रक्षण करणं आणि बोलावल्यावर सेवा करणं हे कर्तव्य लिहिलेलं आहे, आणि २३ व्या कलमाप्रमाणं सरकार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावू शकतं. पण स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं कोणाला सक्तीनं फौजेत नेलेलं नाही. गरजच पडली नाही. एका जागेमागं किती पोरं उभी असतात ते गडचिरोलीच्या मैदानावर भरतीच्या दिवशी जाऊन पाहा.

आपल्याकडं अडतं ते उलट्या बाजूनं. तिकडं सरकार म्हणतं, नागरिक व्हायचं तर आधी फौजेच्या यादीत नाव दे. इकडं पोरगा म्हणतो, मला फौजेत घ्या, आणि सरकार विचारतं, तू नागरिक असल्याचा कागद कुठं आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो तो आपल्या बंगाली गावांत. मुलचेरा, चामोर्शी, अहेरीकडची ही गावं आणि चंद्रपूरचा बंगाली कॅम्प सगळ्यांना माहीत आहे. साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या या लोकांना सरकारनंच इथं आणून वसवलं, जंगलातली जमीन दिली. तिसरी पिढी आली. धान पिकवतात, मच्छी पाळतात, बाजारात भाजी विकतात, पोरं आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. तरी दाखला काढायला गेलं की "मूळचे कुठले?" हा प्रश्न सुटत नाही. नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्रात नाही, म्हणून जातीचाही फायदा नाही. तो वेगळा लेख होईल.

भरतीला जो दाखला लागतो त्याचं नावच 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र' आहे. तहसीलमधून मिळतो. त्यातला मधला शब्द लोक वाचतच नाहीत. आधारकार्ड दाखवून भागेल असं वाटतं. पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. आधार सांगतो की हा माणूस इथं राहतो, एवढंच.

माझ्या मते या गावांत उगाच जास्त भीती बसली आहे, कारण कायद्यातल्या तारखा कोणी नीट सांगत नाही. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक आहे. त्याचे मायबाप कुठून आले, कागद होते की नव्हते, हे पाहायचं नाही. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्यासाठी मायबापातला एक जण त्या वेळी नागरिक असला की पुरे. ३ डिसेंबर २००४ पासून पुढं जन्मलेल्याला मात्र एक जण नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा, अशी दोन्ही अट आहे.

आता हिशेब लावा. आज वीस वर्षांचा पोरगा भरतीला पळतोय. त्याचा बाप १९७८ ला इथल्याच गावात जन्मला आणि आई १९८२ ला शेजारच्या गावात. दोघंही जन्मानं नागरिक, म्हणून पोरगाही नागरिक. आजोबाकडं बॉर्डर स्लिप होती की पुरात वाहून गेली, याच्याशी पोराच्या दाखल्याचा संबंध येत नाही. बाप इथं जन्मला हे दाखवता आलं पाहिजे, एवढंच. अडचण येते ती आई किंवा बाप मागाहून तिकडून आला असेल तर.

अशांसाठी २०१९ ची सुधारणा आहे, जिला सगळे सीएए म्हणतात. तिचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना त्यात अर्ज करता येतो. मुसलमानांना वगळलं म्हणून हा कायदा सुप्रीम कोर्टात आव्हानाला आहे आणि त्यावरचा वाद खोटा नाही. पण अर्ज चालू आहेत. अर्ज ऑनलाइन आहे, आणि जिल्ह्याच्या समितीवर कलेक्टर नाही तर पोस्टाचा अधीक्षक असतो, हे फार जणांना माहीत नाही. मंजूर झालं की माणूस भारतात आला त्या दिवसापासून नागरिक धरला जातो. त्यामुळं मधल्या काळात झालेल्या पोरांचाही प्रश्न सोपा होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एक आदेश आला, त्यात ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांची गोष्ट आहे. काही जण म्हणतात सीएएची तारीख वाढली. तसं नाही. तो आदेश पासपोर्टशिवाय राहू देण्याचा आहे, नागरिक करण्याचा नाही.

खरी मेहनत आहे बापाच्या जन्माच्या कागदाची. त्या काळात जंगलातल्या वस्तीवर जन्माची नोंद कोण करायला बसलं होतं? आता उशिरा नोंद करायची म्हटलं तर ते दार अरुंद झालं आहे. बांगलादेशी घुसखोरांना खोटे दाखले दिल्याच्या तक्रारीनंतर राज्य सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये उशिराच्या जन्मदाखल्यांचं काम थांबवलं आणि नंतर नियम कडक केले. खोटे दाखले पकडलेच पाहिजेत. पण बंगाली आडनाव पाहून सरकारनंच वसवलेल्या माणसालाही त्याच चाळणीत टाकायचं, हे बरोबर नाही. त्यांची यादी सरकारच्या कपाटात आहे.

म्हणून शोध शाळेपासून सुरू करावा. बाप पहिलीत गेला त्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख असते, बऱ्याचदा जन्मगावही असतं. त्याची सहीशिक्क्याची नक्कल मुख्याध्यापक देतो. जुन्या गावात कोतवाल बुकाची नोंद सापडू शकते. जमीन वाटपाची आणि पुनर्वसनाची कागदं महसूल खात्यात मागता येतात, नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. एक ध्यानात ठेवा, गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधीचं सगळं चंद्रपूर जिल्ह्याच्या नावानं आहे, म्हणून गडचिरोलीत "रेकॉर्ड नाही" असं उत्तर मिळालं तर चंद्रपुरातही अर्ज टाकावा. धानाचा चुरणा झाल्यावर हात मोकळे असतात, तेव्हाच हे उरकलेलं बरं. भरतीची जाहिरात निघाल्यावर सेतूसमोर रांगेत उभं राहून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा कागद पंधरा दिवसांत मिळत नाही.