डबा खरा की खोटा?

रायपूरच्या शंकर नगरात माझ्या घराजवळच्या औषधाच्या दुकानात हल्ली खोकल्याच्या औषधांशेजारी क्रिएटिनचे डबे मांडलेले दिसतात. गिऱ्हाईक बहुतेक विशीतले. काही हौसेने व्यायाम करणारे, तर काही पोलीस वा अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करणारे. परवा अशाच एका मुलाने डबा पुढे करून मला विचारले, ‘काका, हा खरा आहे का हो?’ सारी हयात प्रशासनात घालवूनही मला उत्तर देता आले नाही.

क्रिएटिन हे भोंदूचे चूर्ण नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३२ मध्ये ते मांसाच्या अर्कातून वेगळे केले. आपले शरीर ते स्वतः बनवते, स्नायूंत साठवते आणि थोड्या वेळाच्या जोरकस श्रमांत वापरते. बाहेरून घेतल्याने हा साठा वाढतो, हे १९९२ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत त्याचे नाव नाही. एक किलो कच्च्या मांसात ते साधारण ४ ते ५ ग्रॅम असते, शाकाहारी ताटात मात्र जवळजवळ नसतेच. त्यामुळे आपल्यासारख्या देशात त्याच्या मागणीला वाजवी आधार आहे.

अडचण आहे ती डब्यात. ही पूड पांढरी आणि जवळपास बेचव असते. तीत स्वस्त माल्टोडेक्स्ट्रिन मिसळले तर जिभेला किंवा डोळ्याला सहसा पत्ता लागत नाही. दररोज ३ ग्रॅम घेतल्यास २५० ग्रॅमचा डबा ८३ दिवस पुरतो. परिणाम सावकाश दिसत असल्याने फसलेला मुलगा डब्याला नव्हे, स्वतःच्या शरीराला दोष देतो. तोवर भरतीची तारीख निघून गेलेली असते आणि वयाची अट कोणासाठी थांबत नाही.

ही भीती निराधार नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरींची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील २५ डब्यांवरील प्रथिनांचा दावा आतल्या मालाशी जुळला नाही. तो अभ्यास क्रिएटिनचा नव्हता, पण दुकानातली फळी एकच आहे. शिवाय प्रथिने मोजण्याच्या रूढ पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो. म्हणून ग्लायसिन, टॉरिन आणि खुद्द क्रिएटिन मिसळून प्रथिनांचा आकडा फुगवण्याची युक्ती या धंद्यात जुनीच आहे.

आता कायद्याकडे वळू. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, पूरक आहारासंबंधीचे नियम २०१६ चे. चुकीच्या लेबलासाठी तीन लाखांपर्यंत, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नमुना मिळाल्यापासून अन्न विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कागदावर उणीव फारशी नाही. परंतु नमुने घेण्याचे काम मुख्यतः राज्यांच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांचे, आणि त्यांच्यापुढे दूध, खवा, तेल, मसाले यांची रांग आधीच लागलेली असते. डब्यावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक व्यवसाय नोंदलेला आहे एवढेच सांगतो. ग्राहक मात्र तो मालाच्या शुद्धतेचा दाखला समजतो.

कच्च्या क्रिएटिनचे जगातील उत्पादन प्रामुख्याने चीनमध्ये होते. जर्मनीतील बव्हेरियातही त्याचा एक नामांकित कारखाना आहे. आपल्याकडील अनेक कंपन्या आयात केलेली पूड डब्यांत भरून विकतात. सरकारी तपासणी विरळ असल्याने विश्वासही आता खासगी झाला आहे: खरवडून पाहायचा संकेतांक आणि कंपनीनेच पैसे देऊन करून घेतलेला प्रयोगशाळेचा अहवाल.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे कौटिल्याचा संस्थाध्यक्ष आठवतो. बाजारातील वजने-मापे तपासणे हे त्याचे काम. धान्य, तेल, मीठ, औषधी द्रव्ये यांत तसाच दिसणारा हलका पदार्थ मिसळणाऱ्यास अर्थशास्त्रात बारा पणांचा दंड सांगितला आहे. खरे-खोटे पारखण्याचा भार तेथे गिऱ्हाइकावर टाकलेला नाही.

आज करण्याजोगे उपाय अवघड नाहीत. बाजारातून अवचित उचललेल्या डब्यांचे निकाल बॅच क्रमांकासह जाहीर करावेत, कंपनीच्या नावासकट आणि भारतीय भाषांत. कच्चा माल कोणत्या देशातला, हे लेबलावर बंधनकारक करावे. क्रिएटिनमुळे रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा मूत्रपिंड निरोगी असूनही थोडा वाढू शकतो. तेव्हा तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास सल्ल्याविना घेऊ नये, हेही ठळक छापावे. याचा खर्च परवाना शुल्कातून भागवता येईल.

त्या मुलाला मी पक्के बिल घ्यायला आणि बॅच क्रमांक टिपून ठेवायला सांगितले. तो क्रमांक कोठे पडताळायचा, असे त्याने लगेच विचारले. या प्रश्नाचे उत्तर सरकारने द्यायचे आहे.