वाफ अधिक का भाजते?

दिवाळीत फुलबाजी पेटवली म्हणजे तिच्यातून उडणाऱ्या ठिणग्यांचे तापमान १००० अंश सेल्सिअसहून अधिक असते. तरीही एखादी ठिणगी हातावर पडली, तर बहुधा क्षणभर चुणचुणते, इतकेच. (फुलबाजीची तापलेली तार मात्र चांगलीच भाजते, हे मुलांना अवश्य सांगावे.) उलटपक्षी, उकळत्या पाण्याचे तापमान अवघे १०० अंश असते, पण पेलाभर पाणी अंगावर सांडले, तर फोड आल्यावाचून राहत नाहीत. असे का व्हावे?

पदार्थातील रेणू सतत हालचाल करीत असतात. एकेका रेणूच्या वाट्याला सरासरीने गतीची किती ऊर्जा येते, ते तापमानावरून कळते. सर्व रेणूंची गतीची ऊर्जा आणि त्यांच्या परस्पर आकर्षणामुळे असलेली ऊर्जा, या साऱ्यांची बेरीज म्हणजे त्या पदार्थाची आंतरिक ऊर्जा होय.

एका घरात दोनच माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात हजार रुपये आहेत, असे समजा. शेजारच्या गावात दहा हजार माणसे आहेत. प्रत्येकाजवळ शंभरच रुपये. माणशी सरासरी पाहिली, तर घर श्रीमंत. एकूण रक्कम पाहिली, तर गाव श्रीमंत. ठिणगी ही त्या घरासारखी व पेलाभर पाणी हे त्या गावासारखे आहे. ठिणगीचे वजनच इतके नगण्य, की तिच्याजवळ देण्याजोगी ऊर्जा फारशी नसते.

आता वाफेकडे वळू. उकळते पाणी आणि त्यातून निघणारी वाफ, दोहोंचे तापमान १०० अंशच असते. मग वाफेचा चटका अधिक तीव्र का? ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांनी १७६० नंतरच्या काही वर्षांत या प्रश्नाच्या मुळाशी असलेली गोष्ट शोधून काढली. चुलीवरील पाणी उकळू लागले, की खालून उष्णता मिळत असूनही तापमापकातील पारा वर चढत नाही. या उष्णतेला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. तिचा थोडा अंश प्रसरण पावणाऱ्या वाफेला भोवतालची हवा दूर सारण्यासाठी खर्ची पडतो. बाकीची रेणूंना एकमेकांपासून सोडवण्याच्या कामी येते व वाफेच्या आंतरिक ऊर्जेत जमा होते. आपल्या दाखल्यात सांगायचे, तर ही रक्कम खिशात नसून पेढीत ठेवलेली आहे. तापमापक केवळ खिसे तपासतो.

ही ठेव किती मोठी असते? एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे एक कॅलरी उष्णता लागते. म्हणजे एक ग्रॅम उकळते पाणी त्वचेवर पडून ३७ अंशांपर्यंत निवताना सुमारे ६३ कॅलरी देते. तितकीच वाफ त्वचेवर प्रथम पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी देते आणि मग त्या पाण्याच्या ६३ निराळ्या! एकूण जवळजवळ साडेनऊपट.

हा भेद स्वयंपाकघरात दोन प्रकारे उपयोगी पडतो. उघड्या पातेल्यातील डाळीला उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवली, तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. केवळ अधिक पाण्याची वाफ होते. तेव्हा उकळी टिकेल इतकीच आच ठेवून वर झाकण घालावे. इंधन वाचते आणि डाळ शिजण्यास अधिक वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. इडलीपात्राचे किंवा मोदकपात्राचे झाकण उघडताना त्याची दूरची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ तोंडावर न येता पलीकडे जाईल. प्रेशर कुकरमध्ये पाण्याचे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. आतील दाब पूर्ण उतरल्याखेरीज झाकणाला हात लावू नये. इतके करूनही कोणी भाजलेच, तर बांगड्या, अंगठ्या त्वरित काढून भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ, तूप, हळद वा दंतमंजन लावू नये. फोड आले असल्यास, अथवा चेहरा भाजला असल्यास, डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.