घंटागाडी आपली, ट्रेलर कुणाचा?

‘शिकून काय ड्रायव्हर होणार का?’ हे वाक्य आपल्या वस्त्यांत शिवीसारखे वापरले जाते. बोलणाऱ्यांत आईबाप असतात, मास्तर असतात आणि चळवळीतले वक्तेही असतात. चौदा एप्रिलच्या स्टेजवरून प्रत्येक पोराला कलेक्टर व्हायला सांगणारे हे वक्ते जागा किती निघतात आणि अर्ज किती येतात याचा हिशेब कधी मांडत नाहीत. विहाराच्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षे काढून तिशीला टेकलेला पोरगा एक दिवस पुस्तके गुंडाळतो आणि कुणाला न सांगता एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या दारात उभा राहतो. तिथे तो क्लीनर म्हणून गाडीवर चढतो. लायसन्स नाही, नेमणूकपत्र नाही, पगार किती तेही ठरलेले नाही. तो ट्रकवर चढला याला आमचा अजिबात आक्षेप नाही. तो तोंड लपवून, एकटा आणि काहीही माहिती न घेता चढला, याला आहे.

यावर आपलेच काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी हलकी कामे सोडायला सांगितली, आणि तुम्ही पोरांना ट्रकवर चढवता? मित्रांनो, बाबासाहेबांनी जातीने लादलेली कामे सोडायला सांगितली. महार वतनाविरुद्ध ते १९२८ पासून मुंबई कायदेमंडळात झगडले, कारण ते काम जन्माने गळ्यात पडत होते आणि मोबदला गावाच्या मर्जीवर होता. मोटार चालवणे हे कोणत्या जातीचे वतन आहे? बारा बलुत्यांत ड्रायव्हर कुठे होता? हा यंत्रयुगातला धंदा आहे. तो कौशल्याचा आहे, त्याचा परवाना सरकार देते आणि तो परवाना देशभर चालतो. गाव सोडा म्हणणाऱ्या माणसाच्या अनुयायांना गावाबाहेर नेणाऱ्या चाकाची लाज वाटावी, हे आम्हाला तरी कळत नाही.

मात्र जात या धंद्यात नाही असे कुणी म्हणत असेल तर तेही खोटे आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. एवढे आपल्याला पाठ असते, बॅनरवरही असते. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली भरती कशी चालते याचा अगदी बारीक हिशेब दिला होता, तो फारसे कुणी वाचत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून भरला जातो आणि जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तर घरकामाला वापरतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. कापड गिरण्यांतही तेच होते. विणकामाच्या खात्यात पगार चांगला, म्हणून तिथे अस्पृश्यांना मज्जाव. काम एकाच छपराखाली, पण खाती जातीने वाटलेली.

आता आजच्या रस्त्यावर हीच खाती शोधा. नगरपालिकेची घंटागाडी कोण चालवतो? शौचालयाच्या टाकीतला मैला उपसणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर कोण असतो? तिथे आपल्या पोराला ओळख लागत नाही, अनुभव लागत नाही, आडनाव ऐकूनच ठेकेदार खूश होतो. चालक म्हणून घेतो आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरून डबे ओतायला लावतो. आम्ही ज्या शहरांत काम केले तिथे ‘चालक’ म्हणून लागलेल्या पोरांच्या हातात पहिल्या आठवड्यातच फावडे आलेले आम्ही पाहिले. सरकारचे डोकेही याच दिशेने चालते. २०१४ मध्ये स्वच्छता उद्यमी योजना आली. तिच्यात सफाई कामगारांना गाडीसाठी कर्ज आहे, पण गाडी सफाईचीच घ्यायची. न्हावा शेवा बंदरावर कंटेनर ओढणारा ट्रेलर घ्या, कळंबोलीच्या लोखंड बाजारातला भाड्याचा धंदा करा, असे त्याला का सांगत नाहीत? घाण वाहायला यंत्र दिले म्हणजे जात गेली असे समजणाऱ्यांनी मनमाडचे भाषण पुन्हा वाचावे.

मालाच्या ट्रकवर मात्र भरती गोतावळ्यातून होते. मालक आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या ओळखीचा ड्रायव्हर ठेवतो. ड्रायव्हर आपल्या भाच्याला क्लीनर म्हणून घेतो. भाचा दोन वर्षे ताडपत्री ओढतो, टायर बदलतो, रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग धरायला शिकतो आणि ड्रायव्हर होतो. हीच या धंद्याची शाळा. तिला फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, म्हणून आरक्षणही नाही. केबिनमध्ये दोन माणसे आठ-आठ दिवस एकत्र जेवतात, झोपतात. तिथे ‘आडनाव काय’ हा प्रश्न पहिल्याच ढाब्यावर येतो, आणि ज्याला उत्तर आवडत नाही तो पुढच्या खेपेला दुसरा पोरगा शोधतो. त्याला कुणी अ‍ॅट्रॉसिटी म्हणत नाही. नुसते ‘जमलं नाही’ म्हणतात.

याचा फटका सरकारी नोकरीत बसतो. एसटी महामंडळात अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे, ते आपण लढून मिळवले. पण चालकाच्या जागेसाठी अवजड वाहनाचे लायसन्स, प्रवासी वाहनाचा बॅच आणि अवजड गाडी चालवल्याचा अनुभव मागतात. हा अनुभव कुठून आणायचा? जिथे आरक्षण नाही त्या खाजगी ट्रकवरून! म्हणजे आरक्षित जागेची किल्ली बिनआरक्षित खोलीत ठेवलेली आहे. त्यात एसटी आता भाडेतत्त्वावर बस घेते. त्या बसमध्ये वाहक एसटीचा आणि चालक कंपनीचा, म्हणजे चालकाच्या त्या सीटवरचे आरक्षण गेलेच. खाजगीकरणाविरुद्ध भाषणे करणाऱ्यांनी हे एक सीट नीट पाहावे.

तेव्हा मालकाच्या मेहरबानीच्या शाळेत न जाता धंद्यात कसे शिरायचे, हे प्रत्येक वस्तीला माहीत असले पाहिजे. अठराव्या वर्षी मोटारीचे म्हणजे हलक्या वाहनाचे लायसन्स काढा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. अवजड मालवाहू गाडीसाठी वय २० पूर्ण लागते आणि हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने लागते. आधी शिकाऊ लायसन्स, ते सहा महिने चालते, आणि तीस दिवसांनी पक्क्या परीक्षेला बसता येते. डॉक्टरचा फॉर्म १-अ आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. हा फॉर्म ५ म्हणजे एक स्वतंत्र बाजार आहे. अवजड गाडीवर एकदाही न बसवता कागद हातात देणारी स्कूल आहेत, आणि पोरांना तेच सोयीचे वाटते. हा कागद घाटात ब्रेक लावत नाही. पैसे मोजायचेच असतील तर भरलेली गाडी उतारावर खालच्या गिअरमध्ये कशी उतरवायची, आरशात पाहून मागे कशी घ्यायची, हवेचे ब्रेक कसे वागतात, हे शिकवणाऱ्याला मोजा. पुण्यात भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. जवळ असणाऱ्यांनी आधी तिथे चौकशी करावी.

दरम्यानचे वर्ष फुकट घालवायचे कारण नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती, पिकअप यांवर शहरातल्या शहरात हात बसवा. बिल्टी वाचायला, ई-वे बिल तपासायला, भाडे ठरवायला शिका. विमा, पासिंग, पीयूसीची तारीख स्वतः पाहायची सवय लावा. पदवीधर पोराची खरी ताकद इथे आहे. गॅस, पेट्रोल, रसायने वाहणाऱ्या टँकरसाठी तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण लागते, आणि नियमानुसार एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. आपले बी.ए. झालेले पोरगे तिथे कुणाच्या मेहरबानीवर नाही. अवजड वाहनाचे लायसन्स पाच वर्षांनी आणि धोकादायक मालाची नोंद तीन वर्षांनी नवी करावी लागते, हेही लिहून ठेवा.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने ड्रायव्हरसाठीची आठवी पासची अट काढली. देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत असे कारण सांगितले. गरिबांना रोजगार मिळेल म्हणून बऱ्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही वाजवल्या नाहीत. ड्रायव्हर मिळत नाहीत, कारण पगार परवडत नाही, झोप मिळत नाही आणि माणूस म्हणून कुणी विचारत नाही. यावर पगार वाढवण्याऐवजी शिक्षणाची अट कमी करायची, म्हणजे कागद वाचता न येणारा माणूस शोधायचा. ज्या समाजाला शिकण्यापासून हजारो वर्षे अडवले त्याला ‘आता शिकायची गरज नाही’ असे सांगणारी ही उदारता आम्हाला नको.

कागद वाचणे का लागते ते पाहा. जादा माल भरला तर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. पण सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या निर्देशांप्रमाणे ओव्हरलोडसाठी ड्रायव्हरचे लायसन्सही किमान तीन महिने निलंबित होऊ शकते. माल मालकाचा, नफा मालकाचा, आणि घरी बसायची पाळी ड्रायव्हरची. वजनकाट्याची पावती पाहून ‘एवढा माल नेणार नाही’ म्हणायची हिंमत एकट्या पोरात कशी येणार? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकर थांबले, आणि दोन दिवसांत सरकारला बोलावे लागले. ते कलम तेव्हापासून स्थगित आहे. ही ताकद आहे. पण त्या दोन दिवसांत आपल्या किती संघटना त्या ड्रायव्हरांकडे गेल्या? मनमाडचे नाव घेणाऱ्यांना मनमाडचा रस्ता सापडला नाही.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक आणले, १९४६ मध्ये तो कायदा झाला. मोटार कामगारांसाठी १९६१ मध्ये वेगळा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी. लांब पल्ल्याला परवानगीने दिवसाला दहा तास. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू. मग मालक दोन गाड्या स्वतःच्या, दोन बायकोच्या आणि दोन भावाच्या नावावर ठेवतो आणि कायदा दारातच अडतो. आता तो कायदाही २०२० च्या श्रमसंहितेत ढकलला आहे.

याच महाराष्ट्रात त्याच ट्रकच्या हौद्यात पोते टाकणाऱ्या हमालाला १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ मिळवून दिले. मालक लेव्ही भरतो. मंडळ मजुरी देते, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी सांभाळते. मालक बदलला तरी हमालाची नोंद मंडळात राहते. अण्णासाहेब पाटलांच्या मागे संघटना होती म्हणून हे झाले. त्याच गाडीच्या केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला यातले काहीच नाही. ट्रक ड्रायव्हर आणि क्लीनरसाठी माथाडीसारखे नोंदणी मंडळ, ही मागणी कुणी उचलायची? मंडळात नोंद झाली की क्लीनर म्हणून घालवलेल्या वर्षांचा आणि चालवलेल्या गाडीचा अनुभव कागदावर येईल, मालकाच्या चिठ्ठीची गरज संपेल, आणि तोच कागद एसटीच्या भरतीत चालला पाहिजे. नगरपालिकेचा कॉम्पॅक्टर चालवणाऱ्याचा अनुभव अवजड वाहनाचाच असतो. ठेकेदाराकडून तो लेखी मिळालाच पाहिजे, ही अट निविदेत टाकायला आपले नगरसेवक काय करतात?

स्वतःची गाडी घेण्याबद्दल थोडक्यात. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत अर्जदार ५ टक्के, महामंडळ २० टक्के आणि बँक ७५ टक्के असा वाटा असतो. घोडे बँकेपाशी अडते हे आपल्याला माहीत आहे, तिथे शिष्टमंडळ न्यावे लागते. पण दोन वर्षे दुसऱ्याची गाडी चालवल्याशिवाय, डिझेल, टोल, टायर आणि रिकाम्या परतीचा हिशेब स्वतः लिहिल्याशिवाय हप्त्यात उडी मारू नका. सबसिडीच्या आशेने घेतलेल्या आणि फायनान्सवाल्याने ओढून नेलेल्या गाड्या आम्ही पुष्कळ पाहिल्या.

आणि नोकरीला लागताना पहिल्याच दिवशी एवढे करा. मूळ लायसन्स आणि आधार कार्ड मालकाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. पगार आणि रोजचा भत्ता वेगवेगळा ठरवा, भत्ता म्हणजे पगार नव्हे. पगार बँक खात्यात मागा. नेमणूकपत्र देत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर पगार आणि गाडी नंबर लिहून पाठवा आणि त्याचे ‘हो’ जपून ठेवा. उद्या अपघात झाला तर कायद्याने भरपाई मागताना तुम्ही त्याच्याकडे कामाला होता हे आधी सिद्ध करावे लागते, आणि त्या दिवशी मालक तुम्हाला ओळखत नाही. प्रत्येक खेपेची तारीख, गाडी नंबर, कुठून कुठे, किती तास, हे एका वहीत लिहा. त्या वह्या महिन्यातून एकदा विहारात आणा. अभ्यासिकेत एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी एक कप्पा मोटार वाहन कायद्याचा आणि या वह्यांचा ठेवायला जागा भरपूर आहे.