सालामांका ते फातोर्डा
कार्लोस पेन्या हा मूळचा डाव्या बगलेचा बचावपटू. १९८३ साली स्पेनमधील सालामांका इथे जन्मलेला पेन्या बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघातून पुढे आला. आल्बासेते आणि रेक्रिएतिवोनंतर २०११ मध्ये तो वायादोलिदकडे गेला. त्याच हंगामात संघाला बढती मिळाली आणि त्याला स्पेनच्या अव्वल साखळीत खेळता आले. २०१८ मध्ये, पस्तिशीत, तो एफसी गोवा संघात दाखल झाला. मडगावचे फातोर्डा हे या संघाचे घरचे मैदान. इथे तो मुर्तदा फॉलच्या साथीने मध्यबचावात उभा राहिला. गोव्याचे खेळाडू आक्रमणाला पुढे धावत, तेव्हा मागची मोकळी जागा राखणे आणि गोलरक्षकाकडून आलेला चेंडू घाई न करता पुढे देणे हे त्याचे काम होते. मार्च २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगच्या अंधेरीतील अंतिम सामन्यात बंगळुरूच्या राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडरने गोल केला आणि गोव्याचे विजेतेपद हुकले. पुढच्याच महिन्यात गोव्याने सुपर कप जिंकला. २०१९-२०च्या हंगामात साखळीत अव्वल राहून संघाने आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट प्रवेश मिळवला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब. २०२० मध्ये पेन्या निवृत्त झाला. २०२२ मध्ये तो गोव्याचा प्रशिक्षक म्हणून परतला. त्या हंगामात संघ सातवा आला. भारतातील त्याची कारकीर्द छोटी, पण गोव्याच्या फुटबॉलला आशियाच्या पटलावर नेणाऱ्या संघात त्याचा वाटा मोलाचा आहे.